घरगुती अलंकार

सोमवार, ३ नोव्हेंबर

आज वाचनालयाच्या चिटणिसांनी काम सोपवलं. वर्धापनदिनाला एक छोटी पुस्तिका काढायची आहे. विषय कवितेतले अलंकार. उपमा कशाला म्हणतात, रूपक कशाला, दोन्हींत फरक काय, हे सामान्य माणसाला समजेल असं लिहायचं. चिटणीस म्हणाले, "काका, तुम्हाला सगळ्या व्याख्या अजून पाठ आहेत. पण उदाहरणं शाळेच्या पुस्तकातली नकोत हं. ती वाचून लोक पेंगतात."

मी तिथल्या तिथे नाव ठरवलं: 'घरगुती अलंकार'. कवितेतली एक ओळही घ्यायची नाही. सगळी उदाहरणं बाजारातली, जिन्यातली, स्वयंपाकघरातली. माणसं बोलता बोलता टाकून देतात ती वेचायची. त्यासाठीच ही वही.

श्रीगणेशा न्हाव्याकडे झाला. माझ्या डोक्याकडे बघून म्हणाला, "काका, तुमचे केस म्हणजे सरकारी नोकर. एकेक करून निवृत्त होतायत." रूपक! उपमेय केस, उपमान नोकर, आणि दोन्ही एकच असल्याचं ठणकावून सांगितलेलं. आमचे शाळेतले मास्तर असते तर न्हाव्याला पहिल्या बाकावर बसवलं असतं.

दुसरं उदाहरण घरचंच. गेल्या महिन्यात स्वयंपाकघरातल्या वरच्या कपाटाचं दार हिच्या डोक्याला सणकून लागलं. कपाळ चोळत ही म्हणाली, "मेलं टपूनच बसलं होतं." लाकडी दाराला माणसाचा दुष्टपणा! चेतनगुणोक्ती याहून नेमकी कुठे मिळणार? तेव्हाच टिपून ठेवायला हवं होतं.

पण हिच्याकडून पुढे फारसं काही मिळेल असं वाटत नाही. हिची हयात टेलिफोन एक्स्चेंजात गेली. "बोला." "थांबा." "लागला." एवढ्यात संसार केला. लग्नानंतर पहिल्या पौर्णिमेला मी गच्चीत नेऊन चंद्राकडे बोट दाखवलं, तेव्हा म्हणाली होती, "हो, दिसतोय."

गुरुवार, ६ नोव्हेंबर

आज घबाड हाती लागलं.

सकाळी बाहेर निघालो होतो. आभाळ भरून आलेलं. ही दारात आली, माझ्याकडे बघत थांबली आणि म्हणाली, "ते घ्या ना बरोबर. ते... डोक्यावरचं घर."

छत्री! छत्रीला डोक्यावरचं घर! मी पायरीवरच थबकलो. यात उपमेय आहे कुठे? गिळून टाकलंय. मास्तर म्हणायचे, लहान कवी वस्तूचं नाव घेऊन मग तिला सजवतो. मोठा कवी नावच घेत नाही. शेवटच्या बाकावर खिडकीशी बसून ऐकलेलं हे वाक्य, बाहेरच्या झाडाच्या सावलीसकट मला आठवतं.

मी मोठ्याने म्हणालो, "वाहवा!"

ही माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिली. लाजली असावी.

रविवार, ९ नोव्हेंबर

आणखी दोन. काल चहाच्या वेळी घड्याळाकडे मान करून, "तो भिंतीवरचा पाहुणा काय म्हणतोय?" आणि आज सकाळी, चष्मा शोधताना, "माझ्या खिडक्या कुठे गेल्या?"

दोन्ही वेळा मी वाहवा केली. दुसऱ्या वेळी ही चक्क चिडली. म्हणाली, "वाहवा नको. द्या!"

संध्याकाळी लेकीचा फोन. रविवारी मायलेकींचं गुळपीठ असतं, मला शेवटी उरलंसुरलं मिळतं. आज हिने "बरी आहे, बरी आहे" म्हणून फोन माझ्या हातात दिला आणि आत जाऊन आडवी झाली.

"आई का बोलत नाहीये? भांडलात का?" लेकीने विचारलं.

"छे. तुझी आई सध्या वेगळ्याच विश्वात आहे."

"म्हणजे?"

म्हटलं, भेटलीस की सांगेन. असल्या गोष्टी फोनवर सांगून त्यांची चव जाते.

पण एक प्रश्न रात्रीपर्यंत कुरतडतोय. इतकी वर्षं मी घरात कविता म्हणत फिरलो, तेव्हा ही भाजी निवडत होती. मग आत्ताच हे कुठून आलं?

बुधवार, १२ नोव्हेंबर

कुठून आलं त्याचा वास लागला आहे.

आमच्या इमारतीत तळमजल्यावर शिंपीमास्तर राहतात. दुकान पुढे, खोली मागे. एकटेच. आणि हा मनुष्य कविता करतो. मुक्तछंद! ना मात्रा ना यमक. वाक्य मध्येच कापलं की झाली ओळ. शिंप्याला कापायची सवय, दुसरं काय. वाचनालयात त्यांच्या कवितेला टाळ्या पडतात आणि मी वृत्त समजावून सांगायला लागलो की लोकांना बस गाठायची असते.

तर ही सध्या ऊठसूट खाली जाते. पिशवीत कपडे घालून. विचारलं तर, "दुरुस्ती." आज मी कपाट उघडून पाहिलं. एकही कपडा फाटलेला नाही, कुठे उसवलेला नाही. मग दुरुस्ती कसली?

आणि शाल. उकडत असतानाही शाल, आणि उजवा हात कायम शालीच्या आत. काय धरून बसते? मी जवळ गेलो की आणखी आत ओढते. दुपारी डाव्या हाताने कप उचलायला गेली आणि फोडला. ध्यान ठिकाणावर नाही.

या वयात असले विचार करतो म्हणून स्वतःचीच लाज वाटते. पण येतात त्याला काय करू?

शनिवार, १५ नोव्हेंबर

जेवताना भाजीचा घास घेऊन म्हणाली, "समुद्र घाला थोडा."

अंगावर काटा आला. मीठ म्हणायचं होतं तिला! मिठाचं सगळं कूळ एका शब्दात. मी आयुष्यभर पाण्याच्या मीटरचे आकडे टिपत फिरलो आणि मनातल्या मनात कविता रचल्या. त्यातली एक तरी ओळ या तोडीची आहे का? नाही. हे उघडपणे लिहून ठेवतो.

पण वाहवा तोंडातून निघाली नाही. मी परीक्षा घ्यायचं ठरवलं. सहज स्वरात विचारलं, "रूपक म्हणजे काय गं?"

"मला नका विचारू. डोकं दुखतंय."

"उपमा आणि रूपकात फरक काय?"

"अहो, डोकं दुखतंय म्हटलं ना!"

ताट तसंच टाकून उठली. शिकवणाऱ्याचं नाव बाहेर पडेल म्हणून विषयच तोडला. डोकेदुखी ही जुनी युक्ती आहे. इतिहासाच्या तासाला मीही वापरत असे.

मंगळवार, १८ नोव्हेंबर

आज मी जिन्यात उभा राहून चोरून ऐकलं.

ही खाली गेली, मागोमाग मी. दुकानाचं दार लोटलेलं. आत मशीन खडखडत होतं, त्यामुळे धड काही कळेना. मग मशीन थांबलं आणि शिंपीमास्तरांचा आवाज आला, "व्वा! वहिनी, पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा!"

ही काहीतरी म्हणाली. मला फक्त 'साप' एवढं ऐकू आलं. मग टेबलावर काहीतरी आपटल्याचा आवाज.

तेवढ्यात वरच्या मजल्यावरच्या बाई भाजी घेऊन आल्या. "काका, जिन्यात काय करताय?"

"दम खातोय," म्हणालो.

"खाली उतरतानाही दम लागतो?"

घरी येऊन आरामखुर्चीत बसलो. पुन्हा म्हणा, पुन्हा म्हणा. म्हणजे तालीम चालते. मी वाहवा म्हटलं की चिडते, आणि तिथे तेच म्हटलेलं चालतं.

शुक्रवार, २१ नोव्हेंबर

दोन अलंकारांतला फरक पुस्तिकेसाठी नीट मांडून ठेवतो. अंधारात दोरी दिसली. "ही दोरी की साप?" असं मन झुलत राहिलं, तर ससंदेह. "सापच!" असं ठरवून माणूस पळत सुटला, तर भ्रांतिमान. संशय घेणारा निदान उभा तरी असतो.

मी अजून ससंदेहातच आहे, असं स्वतःला बजावतो.

पण पुरावे साचत चाललेत. आज ही खालून आली ती एका पायात चप्पल घालून. उजवी जिन्यात निसटून पडली होती, हिला पत्ताच नाही! मी ती उचलून आणली. जुन्या काव्यातल्या नायिका अशाच निघत, गडबडीत दागिने भलत्या जागी घालून, शुद्ध हरपून. मास्तर ते वर्णन सांगताना स्वतःच लाजत, आणि आम्ही पोरं बाकाखाली तोंड घालून हसत असू. आज हसू आलं नाही.

चप्पल पुढे केली तर म्हणाली, "कुणाला सांगू नका. तिला सांगू नका."

"कुणाला?"

"फोनवालीला."

स्वतःच्या लेकीला फोनवाली! आणि सांगू नका म्हणजे काय? चोरी कबूल केल्यासारखंच झालं.

रविवार, २३ नोव्हेंबर

आता संशय नाही.

संध्याकाळी वाचनालयात कवितावाचन. ही आली नाही, "झोपते" म्हणाली. दिवसादेखील झोपतेच हल्ली. बरं झालं आली नाही.

शिंपीमास्तर उभे राहिले, घसा साफ केला आणि वाचलं:

"डोक्यावरचं घर मिटून
मी कोपऱ्यात उभं केलं.
भिंतीवरचा पाहुणा
चालून चालून दमला..."

टाळ्या. चिटणीस माझ्याकडे झुकून म्हणाले, "काका, यात कुठला अलंकार?"

मी उठलो. काठी खुर्चीत अडकली, खुर्ची पडली, सगळे वळून बघू लागले. शिंपीमास्तरांनीही माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. ती खाली गेलेली मान मी पाहिली.

घरी ही गाढ झोपली होती. मी उठवलं नाही. काय विचारणार? हे शब्द माझ्या दारात, माझ्या चहाच्या वेळी बोलली होतीस, की त्याच्याकडचे उष्टे मला वाढत होतीस?

उद्या सकाळी खाली जाणार.

सोमवार, २४ नोव्हेंबर

हॉस्पिटलच्या बाकावर बसून लिहितो आहे. हाताला काहीतरी काम हवं म्हणून.

सकाळी दुकान उघडताच मी आत गेलो. बसा म्हणाले, बसलो नाही.

"मास्तर, काल वाचलीत ती कविता कुणाची?"

त्यांनी पाय मशीनवरून काढला. "काका, मी आपणहून सांगायला येणार होतो. चोरीच आहे ती. वहिनींचे शब्द आहेत. त्या इथे बसून बोलतात, मी टिपून घेतो. म्हणजे एका अर्थी तुमचेच ना."

"माझे कसे?"

"तुम्ही शिकवता ना त्यांना? मला वाटलं, काकांचा एवढा अभ्यास, त्यातलंच झिरपतंय."

"मी? मी नाही, तुम्ही शिकवता!"

"मी?" ते खरोखर हसले. "अहो, मी मुक्तछंदवाला. रूपक कशाशी खातात ते मला कुठे ठाऊक! परवा त्या टेपला मोजायचा साप म्हणाल्या. मी म्हटलं, व्वा, पुन्हा म्हणा. तर भडकल्याच. 'साप द्या, साप द्या' करत टेबलावर हात आपटला. डावा."

"डावा का?"

"उजवा कुठे धड चालतो त्यांचा?" आणि माझ्या चेहऱ्याकडे बघून ते थांबले. "म्हणजे... तुम्हाला माहीत नाही? म्हणून तर सगळ्या कपड्यांची बटणं काढून व्हेल्क्रोच्या चिकटपट्ट्या लावून घेतल्या. बटण लावता येईना. घरी बोलू नका म्हणाल्या, लेकीला कळलं तर ती दोघांना उचलून तिच्या घरी नेईल, हे घर सुटेल. मला वाटलं, संधिवात असेल. तुम्हाला ठाऊकच असेल."

मशीनचं चाक केव्हाच थांबलं होतं. आम्ही दोघेही त्याच्याकडे बघत राहिलो. एक वृत्तवाला, एक मुक्तछंदवाला. दोघे रसिक.

मी जिना कसा चढलो आठवत नाही. ही पलंगाच्या कडेला बसली होती. ओठाचा उजवा कोपरा खाली आलेला. तो कधीपासून खाली होता?

"काय होतंय तुला?" मी विचारलं. हे मी पहिल्यांदाच विचारत होतो.

"ते," ही म्हणाली. "ते... ते." डाव्या हाताने हवेत काहीतरी धरायला बघत होती. मग तेही थांबलं.

लेकीला फोन लावला. सगळं ऐकून घ्यायलाही ती थांबली नाही. "बाबा, आत्ताच्या आत्ता हॉस्पिटल! मी निघाले." टॅक्सी शिंपीमास्तरांनी आणली. गळ्यातली टेप तशीच, हॉस्पिटलच्या दारापर्यंत.

डोक्याचा फोटो काढल्यावर तरुण डॉक्टरीण बाहेर आली. "आजोबा, डोक्याला मार लागला होता का यांच्या?"

"नाही," म्हणालो. आणि मग कपाटाचं दार आठवलं. कपाट टपून बसलं होतं. मी ते झकास उदाहरण म्हणून लिहून ठेवलं आहे.

तिने समजावलं. हृदयासाठी ही रक्त पातळ करणारी गोळी घेते. त्यामुळे साधा मार लागूनही कवटीच्या आत रक्त थोडं थोडं पाझरत राहिलं, साचलं, आणि मेंदूवर दाब आला. उजवा हात, पाय, शब्द, सगळं त्यामुळेच. गोळीचा जोर उतरवायचं औषध देऊन, छिद्र पाडून रक्त काढावं लागेल. पहाटेच नेतील.

"बोलण्यात फरक जाणवला नाही तुम्हाला?"

"जाणवला," मी म्हणालो. "फार सुंदर बोलत होती."

तिच्या हातात पेन होतं. तिने माझ्याकडे बघितलं आणि काहीच लिहिलं नाही.

मंगळवार, २५ नोव्हेंबर

शस्त्रक्रिया झाली. लेक पोचली. रक्त निघालं म्हणतात. बोलेल का, ते आत्ता सांगता येत नाही म्हणतात.

लेक माझ्याशी बोलत नाही. शिंपीमास्तर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसून आहेत. त्यांच्याशीही ती बोलत नाही.

गुरुवार, २७ नोव्हेंबर

डॉक्टरीणबाईंनी हिच्यासमोर पेन धरलं. "आजी, हे काय?"

ही बघत राहिली. बराच वेळ. माझ्या मनात नको ते येत होतं: आता 'बोलकी काडी' म्हणेल, 'निळा झरा' म्हणेल. जन्मभर जे ऐकायला कान आसुसले होते, त्याचीच धास्ती वाटत होती. साधं म्हण गं. अगदी साधं, कुणीही म्हणेल तसं म्हण.

"पेन," ही म्हणाली.

"आणि हे?"

"घड्याळ."

"आणि हे कोण उभे आहेत?"

"आमचे हे." मग माझ्याकडे नीट बघून, "दाढी का नाही केली?"

लेक रडायला लागली. मी बाहेर जाऊन भिंतीला टेकलो. स्वभावोक्ती नावाचा एक अलंकार आहे. वस्तू जशी आहे तशी सांगायची, वर काही चढवायचं नाही. शाळेत आम्हाला तो फसवणूक वाटायचा. यात अलंकार कुठे, असं मीच हात वर करून विचारलं होतं. मास्तर नुसते हसले होते.

सोमवार, ८ डिसेंबर

घरी येऊन आठवडा होतो आहे. लेक अजून इथेच आहे. घर सोडायचा विषय तिने काढला, हिने "नाही" म्हटलं, तूर्त तेवढ्यावर मिटलं. उजव्या हातात चमचा धरते. शब्द परतले आहेत, क्वचित एखादा अडतो. अडला की ही गप्प होते, आणि मीही गप्प राहून वाट बघतो.

आज हिला सगळं सांगून टाकलं. संशय, जिना, सगळं. हसून हसून डोळ्यांत पाणी आलं हिच्या. "शिंप्यावर? अहो, त्याला माप धड घेता येत नाही!"

लेक आतून म्हणाली, "बाबा, तुम्ही कमाल आहात." आज पहिल्यांदाच माझ्याशी धड बोलली.

मग मी धीर करून विचारलं, "डोक्यावरचं घर म्हणालीस, तेव्हा मनात काय होतं?"

हिने विचार केला. "काही नव्हतं. छत्री डोळ्यांपुढे होती, शब्द नव्हता. सगळं असंच होत चाललेलं. फार भीती वाटायची."

"मग सांगितलं का नाहीस?"

"सांगतच होते. तुम्ही वाहवा म्हणायचात."

तिच्या सवयीप्रमाणे तेवढंच. मी खिडकीपाशी जाऊन उभा राहिलो.

चिटणिसांना निरोप धाडला आहे, पुस्तिका दुसऱ्या कुणाकडून लिहून घ्या. शिंपीमास्तर कवितेचा कागद घेऊन आले होते, फाडून टाकू का विचारायला. हिने तो वाचला आणि म्हणाली, "फाडताय कशाला? खाली माझं नाव घाला." त्यांनी तिथेच खाली बसून नाव घातलं.

माझं मात्र आता कान देऊन ऐकणं सुटत नाही. ही काहीही बोलली की मी विचारतो, "म्हणजे काय?" ही म्हणते, "चहा म्हणजे चहा!" आज दुपारी असंच चाललं होतं, तर वैतागून म्हणाली, "तुमच्या या चौकशांनी माझं डोकं फिरलंय!"

मी ताडकन उठलो. हॉस्पिटलातून निघताना सांगितलंय, डोक्याची तक्रार केली की दोन्ही हात समोर धरायला लावा, एखादा खाली घसरतो का बघा.

"हात समोर धर."

"अहो, बोलायची पद्धत असते ती! तुम्हाला सांगायला हवं?"

"धर."

हिने धरले. दुपारच्या उन्हात, चिकटपट्टीच्या बाह्यांतले दोन बारीक हात. मी डाव्याकडे बघितलं, उजव्याकडे बघितलं. पुन्हा डाव्याकडे. दोन्ही सारखे होते.

"खाली घेऊ?" हिने विचारलं.

"थांब जरा," मी म्हणालो.

ही थांबली.